दगड फोडणारी लाट आणि न भरणारी जखम : आघात-तरंग उपचाराचा इतिहास

पोट न फाडता मुतखडा फोडता येतो, हे आता कुणाला नवल वाटत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी हा उपचार घेतलेला असेलच. पण दगड फोडणारी तीच लाट थोडी सौम्य करून पायाच्या न भरणाऱ्या जखमेवर सोडतात आणि त्यामुळे जखम भरायला मदत होते, असे सांगितले की विद्यार्थी माझ्याकडे संशयाने पाहतात. संशय रास्त आहे. जी लाट दगडाचा भुगा करते, ती नाजूक कातडीला बरे कसे करील?

या टिपणात आपण दोन गोष्टी पाहू. ही कल्पना कुठून आली, ही पहिली. आणि ती खरी आहे की नाही हे कसे तपासले गेले, ही दुसरी. पहिली गोष्ट ऐकायला रंजक आहे, पण माझ्या मते दुसरीवर तुम्ही अधिक वेळ घालवावा. तुम्ही अभियांत्रिकीचे असा, जीवशास्त्राचे असा किंवा नर्सिंगचे, उद्या कुणीतरी एखादे यंत्र आणि एक टक्केवारी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

जखम भरत का नाही?

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. पायाच्या काही जखमा महिनोन् महिने उघड्या राहतात. त्यांना व्रण म्हणतात, आणि सगळे व्रण एका जातीचे नसतात. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला होणारा व्रण बहुधा शिरांच्या दोषामुळे होतो. पायातले अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो, कातडी काळवंडते आणि शेवटी फुटते. यावरचा मुख्य उपाय म्हणजे पाय घट्ट पट्ट्यांनी बांधून बाहेरून दाब देणे.

तळव्यावरचा व्रण निराळा. तो मधुमेहात होतो आणि कुष्ठरोगातही होतो, कारण दोन्हींत पायाची संवेदना जाते. खडा टोचला, चपलेचा खिळा वर आला, तरी कळत नाही. या व्रणाचा इतिहास भारतातून जातो, म्हणून थोडे थांबतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या काळी कुष्ठरोग्याचे मांसच सडके असते, ते भरणारच नाही, अशी समजूत होती. ब्रँड यांनी निरीक्षणाने दाखवले की मांसात दोष नाही. बधिर पायावर त्याच ठिकाणी हजारो वेळा पडणारा दाब हा दोष आहे. तुम्हीआम्ही चालताना दुखू लागले की नकळत पाऊल तिरके टाकतो, पण बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो. तो भार काढून घेतला, म्हणजे पाय प्लास्टरमध्ये बसवून वजन सगळीकडे पसरवले, तर तेच 'सडके' मांस भरून येते. प्लास्टरची ही युक्ती ब्रँड यांच्या आधीही भारतात आणि श्रीलंकेत वापरली गेली होती. पुढे १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे गेले आणि हीच पद्धत तिथे मधुमेही पायांसाठी रुळली. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला आजही बधिर पायांसाठी दिल्या जातात, त्याही याच विचारातून.

बळामुळे जखम होते, हे ब्रँड यांनी सांगितले. आपला विषय याच्या उलट टोकाचा आहे : बळ देऊन जखम भरते का?

गोळी, पावसाचा थेंब आणि मुतखडा

आघात-तरंग म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. साध्या ध्वनितरंगात दाब हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. आघात-तरंगात तो जवळजवळ उभ्या कड्यासारखा, काही नॅनोसेकंदांत, वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट चढतो, मग काही मायक्रोसेकंदांत खाली येतो आणि थोडा वेळ ऋणही होतो. ऋण दाब म्हणजे ओढ, ताण. हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अशी लाट सर्वप्रथम छायाचित्रात स्पष्ट दिसली ती १८८० च्या दशकात. प्रागमधील भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पेटर साल्शर यांनी फियुमे या बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका येथे, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीची छायाचित्रे घेतली. गोळीच्या टोकापुढे नांगराच्या फाळासारखी एक रेघ उमटलेली होती. माख आणि साल्शर यांचा लेख १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानाचा वेग सांगताना आपण ज्या माख अंकाचा उल्लेख करतो, तो याच माखांच्या नावाचा.

वैद्यकाशी या लाटेचा पहिला संबंध आला तो युद्धात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांविरुद्ध समुद्रात स्फोटके टाकत. त्या वेळी पाण्यात पडलेल्या खलाशांच्या अंगावर जखम दिसत नसे, पण आत फुप्फुसे फाटलेली असत. कारण तुम्ही बारावीच्या भौतिकशास्त्रावरून सांगू शकाल. लाट एका माध्यमातून दुसऱ्यात जाते तेव्हा दोघांची घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार किती जुळतो, यावर किती ऊर्जा पुढे जाईल आणि किती परत फिरेल हे ठरते. पाणी आणि मांस यांचे आकडे जवळपास सारखे, म्हणून लाट कातडीतून सहज आत शिरते. पाणी आणि हवा यांच्यात मात्र हजारो पटींचा फरक आहे. तिथे ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा परत फिरते आणि परतताना दाबाची ओढ होते. फुप्फुस हवेने भरलेले असते, म्हणून लाट तिथे फाडते. मुतखडा फोडताना रोग्याला पाण्यात का बसवत, किंवा आज कातडीवर जेल का लावतात, याचेही उत्तर हेच : यंत्र आणि अंग यांच्यात हवेची फट राहू नये.

आता जर्मनीत, बोडेन सरोवराकाठच्या फ्रीडरिशहाफेन गावी येऊ. तिथल्या डॉर्निअर या विमान कंपनीपुढे एक अडचण होती. स्वनातीत विमान पावसात शिरले की थेंब त्याच्या पृष्ठभागावर खड्डे पाडतात. पाण्याच्या थेंबाने धातूला खड्डा पडावा, हे आधी विचित्र वाटते, पण त्या वेगाला थेंब धडकला की आघात-तरंग निर्माण होतो. त्याचा अभ्यास सुरू असताना, १९६० च्या दशकाच्या मध्यात, एका अभियंत्याचा हात नेमका धडकेच्या क्षणी लक्ष्याला टेकलेला होता आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, अशी हकीकत या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. तपासले तर वीज कुठेच नव्हती. लाट धातूतून हातात गेली होती, आणि हाताला काही इजा नव्हती.

पुढे १९६८ ते १९७१ या काळात जर्मन संरक्षण खात्याच्या पैशावर, ही लाट प्राण्यांच्या अंगातून गेल्यास काय होते, याचे प्रयोग झाले. स्नायू, चरबी यांना फारसे काही होत नाही, फुप्फुसाला धोका असतो, असे दिसले. मग कुणीतरी तो साधा प्रश्न विचारला : मांस सुरक्षित राहते आणि ठिसूळ वस्तू फुटते, तर शरीरात ठिसूळ काय असते? मुतखडा.

पाण्याखाली विजेची ठिणगी पाडायची. ठिणगीभोवतीचे पाणी एकदम वाफ होऊन फुगते आणि लाट निघते. ही ठिणगी लंबवर्तुळाकार धातूच्या वाटीच्या एका नाभीवर ठेवली, तर वाटीवरून परतलेली सगळी लाट दुसऱ्या नाभीवर एकवटते. खडा त्या दुसऱ्या नाभीवर आणायचा. लंबवर्तुळाचा हा गुणधर्म तुम्ही भूमितीत सिद्ध केला असेल आणि याचा उपयोग काय, असे मनात म्हटलेही असेल. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकच्या विद्यापीठ रुग्णालयात क्रिस्टियान शाउसी आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने पहिल्या रोग्याचा मुतखडा फोडला. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यंत्राला मान्यता दिली. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला, तो भाग तुम्हाला ठाऊक आहे.

हाडाकडून कातडीकडे

यानंतरचा टप्पा एका काळजीतून आला. खडा मूत्रनळीच्या खालच्या भागात असला तर लाट कमरेच्या हाडाजवळून जाते. हाडाला इजा तर होत नाही ना, हे पाहायला गेले तर हाड बनवणाऱ्या पेशी उलट अधिक कामाला लागलेल्या दिसल्या. १९९१ मध्ये बल्गेरियाच्या वाल्चानू आणि मिखाइलॉव्ह यांनी न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर आघात-तरंग वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २००० मध्ये टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेत एका यंत्राला मान्यता मिळाली.

कातडीच्या जखमांवरचा माझ्या माहितीतला महत्त्वाचा जुना प्रयोग हाउप्ट आणि ख्वापिल यांचा, १९९० चा. त्यांनी डुकराच्या पिलांवर उथळ जखमा करून त्यांवर लाटा सोडल्या. थोड्या आणि सौम्य लाटांनी जखम लवकर झाकली गेली. लाटा आणि जोर वाढवले तर जखम भरायला उलट उशीर लागला. हा निष्कर्ष वाचून मला औषधांची आठवण होते. औषधात मात्रा असते, तशी इथे बळाची मात्रा आहे. 'जास्त दिले की जास्त गुण' हे समीकरण इथे चालत नाही.

व्हिएन्नात वोल्फगांग शाडेन आणि त्यांचे सहकारी न जुळणाऱ्या हाडांवर लाटा वापरत होते. हाडाबरोबर वरची जखमही सुधारते, असे त्यांना दिसू लागले. मग त्यांनी जखमांवरच लक्ष वळवले. इथे अभियांत्रिकीचा एक छोटा पण फार सुंदर बदल आहे. खडा फोडताना ऊर्जा बिंदूवर एकवटायची असते; जखमेला तसे नको, तिथे ऊर्जा पसरायला हवी. म्हणून ठिणगीमागची वाटी बदलली. लंबवर्तुळाऐवजी परवलय घेतले की नाभीतून निघालेली लाट समांतर जाते आणि विस्तृत भागावर सारखी पडते. बाकी तत्त्व तेच.

किती ऊर्जा दिली, याचा हिशोब वहीत करून पाहा. त्यांच्या अभ्यासात एका लाटेची ऊर्जा दर चौरस मिलिमीटरला ०.१ मिलिज्यूल होती, आणि दर चौरस सेंटिमीटरला १०० ते १००० लाटा दिल्या. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १०० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका लाटेत १० मिलिज्यूल. १०० लाटांत १ ज्यूल. एक घनसेंटिमीटर पाण्याने ती सगळी शोषली तरी त्याचे तापमान पाव अंशानेही वाढणार नाही. तेव्हा हा 'शेक' नाही. जे घडते ते उष्णतेने नव्हे, ओढाताणीने. पेशीचे आवरण आणि तिचा आतला सांगाडा क्षणभर ताणला जातो आणि पेशी त्याला रासायनिक उत्तर देते. तैवानमध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सशांवरील प्रयोगांत, लाटा दिलेल्या जागी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्याचे आणि त्यांना चालना देणारी द्रव्ये वाढल्याचे दाखवले. जुनाट व्रणाला रक्तपुरवठा हवाच असतो, म्हणून हे स्पष्टीकरण पटते. पटते म्हणजे सिद्ध होते असे नाही. सशाच्या स्नायुबंधापासून माणसाच्या तळव्यापर्यंतचा पूल बांधायला माणसांवरच्या चाचण्याच लागतात.

पंचाहत्तर टक्के म्हणजे किती?

शाडेन यांच्या गटाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमा नाना प्रकारच्या होत्या, रोगी २०८. त्यांपैकी १५६ जणांची, म्हणजे ७५ टक्क्यांची जखम पूर्ण भरली. पहिल्या उपचारानंतर न परतलेल्या ३२ जणांना लेखकांनी प्रामाणिकपणे 'न भरलेल्या' रकान्यात टाकले. उपचारामुळे अपाय झाल्याचेही आढळले नाही.

आता तुम्ही इथे थांबा आणि विचारा : लाटा दिल्या नसत्या तर कितींची भरली असती? या अभ्यासात ते कळण्याची सोय नव्हती. सर्वांनाच लाटा दिल्या होत्या. सर्वांच्याच जखमेतील मृत भाग काढला होता आणि ओलसर ड्रेसिंगही केले होते. शिवाय लहान आणि ताज्या जखमा अधिक भरल्या, आणि अशा जखमा एरवीही लवकर भरतात. लेखकांनी आपल्या अभ्यासाला 'शक्यता-अभ्यास' असेच म्हटले होते. पण ७५ हा आकडा त्या शब्दापासून सुटून जाहिरातींत फिरू लागला, आणि हे आकड्यांच्या बाबतीत नेहमीच होते.

इटलीत मोरेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तुलना केली. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांचे ३० रोगी, १५-१५ चे दोन गट. वीस आठवड्यांत लाटा घेतलेल्यांपैकी ५३ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के जखमा भरल्या. मोठा फरक वाटतो ना? माणसे मोजा : १५ पैकी ८ आणि १५ पैकी ५. फरक तीन माणसांचा. शिवाय आपल्याला लाटा मिळाल्या की नाही, हे रोग्यालाही माहीत होते.

ही उणीव अमेरिकेत डर्मापेस नावाच्या यंत्राच्या दोन चाचण्यांत भरून काढली गेली. मिळून ३३६ मधुमेही रोगी. सगळ्यांना नेहमीची काळजी मिळाली : मृत भाग काढणे, ड्रेसिंग, पायावरचा भार कमी करणे. त्याशिवाय काहींना खऱ्या लाटा आणि काहींना तसेच दिसणारे, पण काम न करणारे यंत्र. कुणाला काय मिळाले हे रोग्याला आणि जखम मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते. चोवीस आठवड्यांनी खऱ्या लाटांच्या गटात ४४ टक्के आणि लटक्या यंत्राच्या गटात ३० टक्के जखमा मिटल्या. या आधारे २८ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेही पायाच्या व्रणासाठी आघात-तरंगाच्या पहिल्या यंत्राला परवानगी दिली. परवानगीला मर्यादा होत्या : व्रण १६ चौरस सेंटिमीटरहून मोठा नको, आणि हाड उघडे पडलेले नको.

या आकड्यांकडे नीट पाहू. लटक्या यंत्रानेही ३० टक्के भरल्या, म्हणजे ते काम नेहमीच्या काळजीने केले. लाटांचा वाटा १४ टक्क्यांचा. शंभर भागिले चौदा म्हणजे साधारण सात रोग्यांना उपचार द्यावा तेव्हा एकाची जास्तीची जखम मिटते. आणि ५६ टक्क्यांची लाटा घेऊनही मिटली नाही. आणखी एक गोष्ट लहान अक्षरांत राहून जाते : चाचण्या सुरू करताना बारा आठवड्यांचा निकाल मुख्य धरायचा असे ठरले होते, आणि बारा आठवड्यांना दोन गटांत ठोस फरक दिसला नव्हता. तो पुढे, वीस-चोवीस आठवड्यांना दिसला. नव्या रक्तवाहिन्या फुटायला वेळ लागतो, म्हणून उशिरा गुण येणे संभवते, असे समर्थन करता येते आणि ते मला अगदीच लंगडे वाटत नाही. पण बाण आधी मारून वर्तुळ मागाहून काढण्याचा मोह विज्ञानात कायम असतो, म्हणून वर्तुळ आधी कुठे काढले होते हे विचारण्याची सवय ठेवा. मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१६ च्या मार्गदर्शनात, चांगल्या नेहमीच्या काळजीऐवजी लाटांसारखे भौतिक उपाय निवडू नयेत, असाच सल्ला दिला होता.

घोट्यावरच्या, शिरांच्या व्रणाचे काय? कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतीनुसार २०१८ मध्ये या विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करण्याचा प्रयत्न झाला. निकषांत बसणारी एकही सापडली नाही. लाटा निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. तळव्याच्या व्रणावरचा आकडा उचलून घोट्याच्या व्रणाला लावता येत नाही, एवढाच अर्थ. कारणे निराळी, तेव्हा उत्तरही निराळे असू शकते.

नाव एक, यंत्रे दोन

भारतातल्या शहरांत फिजिओथेरपीच्या दारावर 'शॉक वेव्ह' ही पाटी आता सहज दिसते. यातली बरीच यंत्रे प्रत्यक्षात वेगळी असतात. त्यांत दाबाच्या हवेने एक लहान धातूची गोळी नळीतून सोडतात, ती टोकावर आपटते आणि तो ठोका कातडीवर जातो. (माखांची गोळी पुन्हा आली, फक्त वेग फारच कमी.) या ठोक्यातला दाब ठिणगीच्या लाटेपेक्षा खूप कमी असतो आणि चढायला मायक्रोसेकंद लागतात, तो कडा नसून उतार असतो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा आघात-तरंग नव्हे. टाच किंवा खांदा दुखत असल्यास त्याचाही उपयोग होतो. पण ४४ आणि ३० हे आकडे या यंत्रावरचे नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याच्या तळव्याला व्रण झाला होता. एका केंद्रात त्यांनी अशा यंत्राची दहा सत्रे घेतली. त्यांच्या पायातली नाडी तिथे कुणी तपासली नाही, चप्पल पाहिली नाही. नंतर एका शल्यचिकित्सकांनी पाय प्लास्टरमध्ये घातला आणि दोन महिन्यांत जखम मिटली. ते आजही श्रेय यंत्राला देतात. मी वाद घालत नाही. एका माणसाच्या एका पायावरून आम्ही दोघेही काही सिद्ध करू शकत नाही.

लाट आणि जखम यांचा एक वेगळा धागा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सापडतो. तिथल्या आघात-तरंगांच्या प्रयोगशाळेतले गोपालन जगदीश आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दीपशिखा चक्रवर्ती यांच्या गटाने जखमेच्या मांसाऐवजी तिच्यातल्या जिवाणूंकडे पाहिले. जुनाट जखमेत जिवाणू चिकट थर करून राहतात. त्या थरात प्रतिजैविक नीट पोचत नाही, म्हणून औषध चालू असूनही संसर्ग हटत नाही. २०१५ मध्ये या गटाने दाखवले की आघात-तरंगाने तो थर विस्कटतो आणि मग तेच प्रतिजैविक काम करू लागते. प्रयोग कॅथेटरवरच्या थरांवर आणि उंदरांवर झाले होते. इथे लाटेचे काम पुन्हा मोडतोडीचेच आहे, फक्त खड्याच्या जागी जिवाणूंची भिंत. माणसाच्या पायावर हे उतरवायचे तर पुन्हा दोन गट लागतील, तसेच दिसणारे एक बंद यंत्र लागेल, आणि जखम कोणत्या आठवड्यात मोजायची ते आधी लिहून ठेवावे लागेल.